वाय-फाय दिसतंय, पासवर्ड नाही, आता काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोन अँड्रॉइड, रूट केलेला (म्हणजे यंत्रणेचा पूर्ण ताबा घेतलेला) नाही. वाय-फायच्या यादीत आजूबाजूची सहा-सात नावं दिसतात, सगळ्यांपुढे कुलूप. पासवर्ड दाखवतो म्हणणारी तीन ॲप टाकून पाहिली, एकाचाही उपयोग झाला नाही. घरात स्वतःचा राउटर आहे, पण त्याचा पासवर्ड आता कुणालाच आठवत नाही. वाचनालयात पासवर्डशिवाय जोडलं जातं, पण एकही पान उघडत नाही. यातला कायदेशीर मार्ग कोणता, आणि त्यासाठी कोणतं ॲप घेऊ?

ॲप कोणतंच घेऊ नका. तुम्ही एकत्र विचारलेले हे तीन वेगळे प्रश्न आहेत. शेजाऱ्यांच्या नेटवर्कची तुम्हाला परवानगीच नाही. घरच्या राउटरची परवानगी आहे, पासवर्ड नाही. वाचनालयात परवानगी आहे आणि पासवर्ड लागतच नाही, तिथे तुमचा फोन अडतोय. पहिल्याचं उत्तर फोनमध्ये नसून राउटरच्या मालकाकडे आहे. उरलेल्या दोघांचं फोनमध्येच, फारतर राउटरच्या पाठीवर सापडतं.

कायदा देशागणिक बदलतो, म्हणून कलमांत शिरत नाही. मात्र मालकाची संमती नसताना त्याच्या नेटवर्कमध्ये शिरणं बहुतेक ठिकाणी गुन्हाच ठरतं, पासवर्ड कसा मिळाला याने फारसा फरक पडत नाही. कुलूप नसलेलं नेटवर्क म्हणजे आमंत्रण असंही समजू नका. वाचनालयाने पाटी लावून दिलेलं वाय-फाय वेगळं आणि कुणाच्या घरातला पासवर्ड घालायचा राहून गेलेला राउटर वेगळा.

ती ॲप का चालली नाहीत, हे कळलं की चौथं टाकायचा मोह होणार नाही. डब्ल्यूपीए-२ या वाय-फायला कुलूप घालायच्या पद्धतीत पासवर्ड हवेतून जातच नाही. फोन आणि राउटर एकमेकांना एकेक यादृच्छिक आकडा पाठवतात आणि त्यावर हिशेब करून ‘किल्ली माझ्याकडेही आहे’ एवढंच सिद्ध करतात. ती किल्ली पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र ४०९६ वेळा घुसळून तयार होते, म्हणजे एकेक अंदाज तपासायलाही मेहनत पडते. शिवाय साध्या ॲपला फोनच्या वाय-फाय चिपकडून दुसऱ्यांची पाकिटं, म्हणजे हवेतून जाणारे माहितीचे तुकडे, ऐकता येत नाहीत. मग ॲप काय करतं? खोटी प्रगतीपट्टी फिरवतं आणि जाहिराती दाखवतं. जवळची नेटवर्क शोधायला अँड्रॉइडवर एरवीही लोकेशनची परवानगी लागते, त्यामुळे ती मागितल्याचं कुणाला वावगं वाटत नाही आणि तुमचा ठावठिकाणा आयता मिळतो.

काही ॲप डब्ल्यूपीएस (पासवर्डाऐवजी पिनने राउटरला जोडायची सोय) पिनच्या जुन्या दोषाचा आधार घेतात. त्या आठ आकडी पिनचा शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो, आणि राउटर पिनचे दोन अर्धे वेगवेगळे तपासतो. त्यामुळे कोटीभर शक्यतांऐवजी ११ हजार प्रयत्न पुरतात. हे २०११ मध्ये उघड झालं. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून तर फोनमधून डब्ल्यूपीएसच काढून टाकलं आहे. कुठे चाललं तरी ते चोरीच्या वाटेनेच चालणार.

तिसरा प्रकार ‘लोकांनी वाटलेल्या पासवर्डां’च्या ॲपचा. हा वरकरणी सभ्य दिसतो. पण पासवर्ड टाकणारा बऱ्याचदा स्वतःच त्या घरचा पाहुणा असतो, मालकाला कुणी विचारलेलं नसतं. उलट बाजूने, परवानग्या न वाचता ‘ठीक’ दाबत गेलात तर तुमच्या घरचा पासवर्डही त्यात जाऊन बसू शकतो. अशाच एका ॲपचा २० लाखांहून अधिक पासवर्डांचा साठा २०१९ मध्ये इंटरनेटवर उघडा सापडला होता, आणि त्यात घरगुती नेटवर्कच कितीतरी होती.

आता शेजाऱ्यांचं. सरळ विचारा, पण नेमकं विचारा. ‘पासवर्ड द्या’ म्हटलं की समोरचा कचरतो आणि त्याचं बरोबर असतं: त्याच्या जोडणीवरून कुणी काहीही केलं तरी नोंद त्याच्या नावावर होते. त्याऐवजी ‘गेस्ट नेटवर्क सुरू करून द्याल का?’ असं विचारा. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक राउटरांत ही सोय असते. वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, आणि नीट मांडणी असेल तर त्यावरच्या फोनला मालकाचा प्रिंटर किंवा संगणक दिसत नाही. मालकाला ते हवं तेव्हा बंद करता येतं, काही राउटरांत वेगाची मर्यादाही घालता येते. मात्र काही इंटरनेट कंपन्यांच्या अटींत जोडणी घराबाहेर वाटायला मनाई असते. तेवढं त्यांनाच पाहू द्या, आणि अट आडवी आली तर विषय तिथेच सोडा.

परवानगी मिळाली की अँड्रॉइड १० पासून पासवर्ड टाइप करायचीही गरज नाही. त्यांच्या फोनवर सेटिंग्ज, नेटवर्क आणि इंटरनेट, तिथे इंटरनेट किंवा वाय-फाय, मग जोडलेल्या नेटवर्कशेजारचं चाकाचं चिन्ह आणि ‘शेअर’. फोन बोट किंवा पिन मागतो आणि क्यूआर कोड दाखवतो. तुमच्या फोनवर वाय-फायच्या यादीच्या तळाशी ‘नेटवर्क जोडा’ असतं, त्याच्या उजव्या टोकाला क्यूआरचं छोटं चिन्ह आहे. ते दाबून स्कॅन करा. काही कंपन्या मेनूंची नावं बदलतात. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘वाय-फाय’ लिहा.

एक सांगून ठेवतो, कारण यात गैरसमज फार आहे. क्यूआर कोड म्हणजे लपवलेला पासवर्ड नव्हे. आत साधा मजकूर असतो: सुरक्षेचा प्रकार, नेटवर्कचं नाव, पासवर्ड. कोणत्याही साध्या स्कॅनरला तो वाचता येतो, आणि बऱ्याच फोनवर कोडच्या खाली पासवर्ड सरळ छापलेलाही दिसतो. म्हणून तो कोड ग्रुपवर टाकणं म्हणजे पासवर्डच टाकणं. आणि त्यांच्याकडे आलेल्या पाहुण्याने आपल्या फोनवरून कोड दाखवला, तर ती मालकाची परवानगी होत नाही.

घरच्या राउटरकडे वळू. इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधीच रीसेटचं बटण दाबणं. आधी घरात एखादं उपकरण अजून त्या वाय-फायला जोडलेलं आहे का ते पाहा. अँड्रॉइड १० किंवा पुढचा फोन असेल तर वरचीच कृती करा, पासवर्ड मिळाला. विंडोज ११ चा लॅपटॉप असेल तर सेटिंग्जमध्ये नेटवर्क, वाय-फाय, ‘ज्ञात नेटवर्क’ यादीतलं तुमचं नाव, आणि तिथे सिक्युरिटी की पाहण्याचं बटण. विंडोज १० वर कंट्रोल पॅनेलमधून नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर उघडा, वाय-फायच्या नावावर टिचकी, वायरलेस प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, आणि ‘अक्षरं दाखवा’च्या चौकोनात खूण.

असं उपकरण नसेल तर राउटर उलटा करा. खालच्या चिकटपट्टीवर बहुधा दोन पासवर्ड छापलेले असतात आणि लोकांची गल्लत इथेच होते. वायरलेस की, डब्ल्यूपीए की किंवा नेटवर्कच्या नावाशेजारी असलेला तो वाय-फायचा. युजरनेमसोबत दिलेला तो राउटरच्या सेटिंगच्या पानाचा. वाय-फायचा पासवर्ड नंतर कुणी बदलला असेल तर पहिला चालणार नाही, पण दुसरा अजून चालायची शक्यता असते, आणि तेवढ्यावर काम होतं. राउटरच्या लॅन पोर्टातून संगणकाला केबल लावा. केबलला वाय-फायचा पासवर्ड लागत नाही. संगणक नसेल तर यूएसबी-सी ते इथरनेट ॲडॉप्टरने हेच बहुतेक अँड्रॉइड फोनवरही होतं. फक्त मोबाइल डेटा तेवढ्यापुरता बंद ठेवा, नाहीतर ब्राउझर राउटरचं पान मोबाइलच्या वाटेने शोधत बसतो. ब्राउझरमध्ये चिकटपट्टीवरचा पत्ता टाका, साधारणतः १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो. आत वायरलेस सिक्युरिटीत पासवर्ड दिसतो किंवा नवा घालता येतो.

रीसेट अगदी शेवटी. पिनेने आतलं बटण साधारण दहा सेकंद, दिवे एकदम लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं असतं, ते सोपं आहे. पंचाईत पुढे होते. रीसेटने वाय-फायच्या पासवर्डासोबत इंटरनेट कंपनीने राउटरात भरलेली माहितीही पुसली जाते: पीपीपीओई (कंपनीच्या जोडणीत लॉगिन करायची पद्धत) युजरनेम आणि पासवर्ड, कुठे कुठे व्हीलॅनचा (कंपनीच्या जाळ्यातल्या वेगळ्या वाटेचा) क्रमांक. मग वाय-फाय जोडलं जातं, इंटरनेट मात्र गायब. म्हणून आधी कंपनीकडून ही माहिती लिहून घ्या. फायबरचा डबा आणि राउटर एकच असेल तर कंपनीला विचारल्याशिवाय रीसेटला हातच लावू नका. त्यातली नोंदणी गेली तर माणूस बोलवावा लागू शकतो. कंपनीनेच दिलेल्या राउटरचा पासवर्ड कित्येकदा त्यांना दुरूनच बदलता येतो. तो फोन आधी करा.

नवा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडून लिहा, सांगायलाही सोपे जातात. इंग्रजी कॅपिटल आय, स्मॉल एल आणि एक हा आकडा, तसंच ओ आणि शून्य, यांच्या जोड्या टाळा. ‘प्रमाणीकरण अयशस्वी’च्या तक्रारींत मला यांच्याइतकाच घोळ कीबोर्डने आपोआप कॅपिटल केलेल्या पहिल्या अक्षराचा आणि शेवटी चिकटलेल्या स्पेसचा दिसतो. टाइप करताना डोळ्याचं चिन्ह दाबून पासवर्ड उघडा करा. सुरक्षेचा प्रकार निवडताना घरात अँड्रॉइड ९ किंवा त्याआधीचा फोन असेल तर नुसतं डब्ल्यूपीए-३ ठेवू नका, तो त्याला जोडताच येणार नाही. डब्ल्यूपीए-२ आणि ३ एकत्र असलेला पर्याय घ्या. पासवर्ड बदलल्यावर जुन्या उपकरणांवर ते नेटवर्क ‘विसरा’ करून नव्याने जोडा.

राहिलं वाचनालय. यावर जरा थांबतो, कारण हॉटेल, विमानतळ, दवाखाना सगळीकडे हाच प्रकार असतो आणि कारण कळलं की दोन मिनिटांत सुटतो.

अशा नेटवर्कच्या दारात एक राखणदार पान असतं. तिथे अटी मान्य करा, नंबर टाका, ओटीपी द्या, मग दार उघडतं. राखणदार आहे हे फोनला कसं कळतं? वाय-फायला जोडताच अँड्रॉइड गूगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर छोटी विनंती पाठवतो. तिला २०४ हा क्रमांक आणि रिकामं उत्तर आलं तर रस्ता मोकळा. त्याऐवजी दुसरंच पान आलं तर फोन ओळखतो आणि ‘नेटवर्कमध्ये साइन इन करा’ ही सूचना दाखवतो. या साखळीचा एखादा दुवा तुटला की सूचना येत नाही, पान येत नाही, आणि नावाखाली ‘जोडलेलं, इंटरनेट नाही’ एवढंच दिसत राहतं.

माझा पहिला संशय नेहमी प्रायव्हेट डीएनएसवर असतो, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा स्वतः निवडण्याच्या सोयीवर. ही सोय अँड्रॉइड ९ पासून आहे, आणि जाहिराती रोखायला पुष्कळ जण तिथे एखाद्या सेवेचं नाव भरून ठेवतात. नाव भरलं की फोन पत्त्यांची चौकशी फक्त त्याच सेवेकडे करतो, दुसरीकडे करतच नाही. राखणदार साइन इनच्या आधी बाहेरचं काहीच सोडत नाही. म्हणजे चौकशी होत नाही म्हणून पान येत नाही, आणि पान येत नाही म्हणून चौकशीला वाट मिळत नाही. नेटवर्क आणि इंटरनेटमध्ये प्रायव्हेट डीएनएस ‘ऑटोमॅटिक’ वर आणा, वाय-फाय बंद करून चालू करा. साइन इन झाल्यावर परत पूर्वीसारखं करायला हरकत नाही.

दुसरा संशय व्हीपीएन (फोनची सगळी ये-जा दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारी सोय), आणि इथे तुमच्या त्या तीन ॲपचा संबंध येऊ शकतो. ‘सुरक्षित वाय-फाय’च्या नावाखाली अशी काही ॲप आपलं व्हीपीएन फोनमध्ये बसवतात. सेटिंग्जमध्ये व्हीपीएनची यादी उघडून पाहा. तुम्ही न बसवलेलं काही असेल तर काढा, आणि स्वतःचं असेल तर ‘नेहमी चालू’ तेवढ्यापुरतं बंद करा. ती तिन्ही ॲप तर आजच काढून टाका. एखादं निघायला तयार नसेल तर आधी ॲक्सेसिबिलिटीत आणि डिव्हाइस ॲडमिनच्या यादीत त्याची परवानगी काढा.

एवढं करूनही पान आलं नाही तर मोबाइल डेटा क्षणभर बंद करा. वाय-फायवर इंटरनेट नाही असं दिसलं की फोन गुपचूप मोबाइलच्या वाटेने जातो आणि राखणदाराची भेटच होत नाही. मग वाय-फायच्या यादीत नेटवर्कच्या नावावर टिचकी मारा, बऱ्याचदा त्यानेच साइन इनचं पान उघडतं. नाही उघडलं तर नेटवर्कच्या तपशिलातला गेटवेचा (तिथल्या राउटरचा) पत्ता ब्राउझरमध्ये टाका. आणखी एक वाट म्हणजे एस नसलेल्या एचटीटीपीने सुरू होणारा एखादा पत्ता हाताने लिहिणं. राखणदाराला एचटीटीपीएसची विनंती वळवता येत नाही. जबरदस्तीने वळवली तर ब्राउझर प्रमाणपत्राचा इशारा देतो. तो इशारा ओलांडून पुढे जाऊ नका. फोनची तारीख आणि वेळ चुकीची असली तरी असाच इशारा येतो, तेव्हा तीही एकदा पाहून घ्या.

काही ठिकाणी वाचनालयाला फोनचा मॅक पत्ता (वाय-फायवरचा ओळखक्रमांक) नोंदवून हवा असतो. लोक ‘फोनविषयी’मधला पत्ता देतात आणि मग जोडलं जात नाही. कारण अँड्रॉइड १० पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनवलेला मॅक पत्ता दाखवतो. त्या नेटवर्कसाठी तो सहसा कायम राहतो, ‘विसरा’ करून परत जोडलं तरीही, पण फोनच्या मूळ पत्त्याशी जुळत नाही. नोंदवायचा तो त्या नेटवर्कच्या तपशिलात दिसणारा पत्ता. आणि एकदा नोंदवला की प्रायव्हसीचा पर्याय उलटसुलट करत बसू नका, राखणदाराला तो नवाच फोन वाटतो आणि उपकरणांची मर्यादा असेल तर दार बंद.

‘आयपी पत्ता मिळवत आहे’वर अडकत असेल तर दोष बहुतेक वेळा तुमचा नसतो. घरगुती दर्जाच्या राउटरकडे वाटायला जेमतेम अडीचशे पत्ते असतात, गर्दीत ते संपतात. काउंटरवर सांगा. स्वतः स्टॅटिक आयपी (हाताने ठरवलेला पत्ता) भरलात तर दुसऱ्या कुणाचा तरी पत्ता बळकावाल आणि दोघांचंही बंद पडेल.

नेटवर्कचं नेमकं नाव मात्र काउंटरवरच विचारून घ्या. त्याच नावाचं दुसरं नेटवर्क कुणीही उभं करू शकतो. राखणदार पानाने ॲपची फाइल किंवा प्रमाणपत्र फोनमध्ये बसवायला सांगितलं तर तिथूनच परत फिरा. काम झालं की त्या नेटवर्कचं ‘आपोआप जोडा’ बंद करा.

तुम्ही विद्यापीठात शिकत किंवा शिकवत असाल तर एज्युरोमची, म्हणजे शिक्षणसंस्थांच्या सामायिक वाय-फायची, चौकशी करा. शंभराहून अधिक देशांतल्या संस्थांत एकाच खात्यावर ते चालतं. मांडणी शक्यतो संस्थेने सांगितलेल्या ॲपनेच करा. हाताने करायची झाली तर बऱ्याच संस्थांत ईएपी पद्धत पीईएपी, दुसरा टप्पा एमएससीएचएपी-व्ही२, आणि ओळखीत @ सह पूर्ण नाव लागतं. प्रमाणपत्राच्या रकान्यात ‘पडताळू नका’ निवडा असं जुन्या सूचनांत लिहिलेलं असतं. नव्या अँड्रॉइडमधून तो पर्याय गेला तो योग्य कारणाने, कारण त्याने तुमचा पासवर्ड कुठल्याही तोतया नेटवर्कला मिळू शकतो. तिथे सिस्टीम प्रमाणपत्रं निवडून संस्थेने दिलेलं डोमेन भरा.

आणि तातडीची गरज असेल तर सोबतच्या माणसाला हॉटस्पॉट मागा, तोही वाय-फायच आहे. त्याचा हॉटस्पॉट यादीत दिसत नसेल तर तो ५ गिगाहर्ट्झवर असेल आणि तुमचा फोन फक्त २.४ वाला असेल. त्याला बँड बदलायला सांगा. जोडल्यावर नेटवर्कच्या तपशिलात ते ‘मीटर्ड’ करून ठेवा, म्हणजे तुमच्या फोनचे अपडेट त्याचा डेटा खाणार नाहीत.

वाचनालयाचं पान एवढं करूनही आलं नाही तर तीन गोष्टी लिहा: अँड्रॉइडची आवृत्ती, प्रायव्हेट डीएनएसमध्ये आत्ता काय दिसतं, आणि नेटवर्कच्या नावाखाली येणारी ओळ जशीच्या तशी. ‘जोडलेलं, इंटरनेट नाही’ आणि ‘सेव्ह केलेलं’ यांची कारणं अगदी वेगळी असतात.